कंपासने न काढलेलं वर्तुळ

चित्र काढायच्या कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये फ्युचुरा हा फॉन्ट निवडा, कॅपिटल ओ टाइप करा आणि तो पडदाभर मोठा करा. पाहता क्षणी कोणीही म्हणेल, हे वर्तुळ आहे. आता त्याच ओची एक प्रत काढा, ती नव्वद अंशांत फिरवा आणि मूळ अक्षराच्या शेजारी ठेवा. खरं वर्तुळ कसंही फिरवलं तरी तसंच दिसायला हवं. इथे मात्र फिरवलेला ओ डोक्याशी आणि पायाशी जडावलेला वाटतो, कुशीत जरा बारीक. फरक केसाएवढा असतो, फॉन्टच्या आवृत्तीगणिक कमी-जास्त असतो, पण एकदा दिसला की त्याकडे काणाडोळा करता येत नाही. डिझायनर मंडळींना फ्युचुराची आणि त्याच्या गोतावळ्यातल्या फॉन्टची जी ओढ आहे, तिचं मर्म मला या केसाएवढ्या फरकात दिसतं.

याला कारण आपल्या डोळ्याची एक खोड. अगदी सारख्या जाडीची एक उभी आणि एक आडवी रेष शेजारी ठेवली तर आडवी जास्त जाड वाटते. म्हणून सगळीकडे तंतोतंत एकाच जाडीची कडी काढली की तिचा माथा आणि तळ जड दिसतो. अक्षर रेखणारा माणूस माथ्याची आणि तळाची रेष थोडी खरवडतो, तेव्हा कुठे ती कडी सगळीकडून सारखी भासते. म्हणजे 'हे कंपासने काढलंय' असं वाटावं यासाठी कंपासच्या बाहेर जावं लागतं. भौमितिक सॅन्स-सेरिफ या प्रकाराची सगळी मौज आणि सगळी मेहनत इथे आहे. अक्षराच्या टोकांना सेरिफच्या छोट्या पट्ट्या नाहीत, रेषेची जाडी जवळपास एकसारखी, आणि आकार वर्तुळ, चौकोन, त्रिकोणातून आलेले. वर्णन एवढं साधं आहे की हे आपणही एका दुपारी करून टाकू असं वाटतं. करायला बसलं की कळतं.

विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात जर्मनीत बऱ्याच जणांना हा मोह झाला होता. त्याआधी १९१६ साली एडवर्ड जॉन्स्टन यांनी लंडनच्या भुयारी रेल्वेसाठी अक्षरं रेखली, त्यातला ओ गोल गरगरीत होता. बाउहाउस या जर्मनीतल्या कला आणि डिझाइनच्या विद्यालयात हर्बर्ट बायर यांनी १९२५ साली एक 'सार्वत्रिक वर्णमाला' मांडली. कॅपिटल अक्षरं बादच करायची, फक्त लहान अक्षरं ठेवायची आणि ती मोजक्या कंसांतून आणि सरळ रेषांतून जुळवायची. कल्पना म्हणून ती आजही देखणी आहे. पण त्या काळी तिचे खिळे, म्हणजे छपाईसाठी धातूत ओतलेली अक्षरं, काही तयार झाले नाहीत, आणि तिच्यात सलग मजकूर वाचणं हा डोळ्यांना शीणच आहे. अक्षरं एकमेकांच्या इतकी जवळची की शब्दाला स्वतःचा चेहराच उरत नाही.

फ्रँकफुर्टच्या बाउअर टाइप फाउंड्रीने १९२७ साली बाजारात आणलेला पॉल रेनर यांचा फ्युचुरा मात्र टिकला. रेनर बाउहाउसमध्ये नव्हते, हे मुद्दाम सांगायला हवं, कारण फ्युचुराचा उल्लेख सरसकट बाउहाउसचा फॉन्ट म्हणून होतो. ते चित्रकार होते आणि पुस्तकांच्या मांडणीत मुरलेले होते. पुढे नाझींच्या सांस्कृतिक धोरणावर उघड टीका केल्यामुळे १९३३ साली त्यांना अटक झाली आणि म्युनिकच्या मुद्रण विद्यालयातलं पदही गेलं. त्यांचे फ्युचुराचे पहिले आराखडे बायर यांच्याइतकेच हट्टी होते. स्मॉल आर म्हणजे एक दांडी आणि तिच्या खांद्यापाशी सुटा ठिपका. एम आणि एन खांद्याला चौकोनी. जी तर ओळखावा लागे. खिळे ओतायची वेळ येईपर्यंत रेनर आणि बाउअरच्या कारखान्यातली माणसं मिळून अक्षरांवर पुन्हा पुन्हा हात फिरवत राहिली. चमत्कारिक रूपं आधी पर्यायी म्हणून उरली आणि मग विक्रीच्या संचातून गेली. राहिली ती अक्षरं नियमातून जन्मलेली होती, पण डोळ्याने तपासलेली होती. बायर यांची वर्णमाला अभ्यासाचा विषय झाली आणि फ्युचुरा रोजच्या कामाला लागला, याचं कारण मला याच टप्प्यात दिसतं.

हा हात फिरवणं म्हणजे नेमकं काय, ते आकड्यांत बघू. डिजिटल फॉन्ट रेखताना अक्षराचा चौक बहुधा १००० एककांचा धरतात. समजा कॅपिटल एचची उंची ७०० एकक आहे आणि त्याच्या उभ्या दांडीची जाडी ८०. आता ओ जर बरोबर ७०० एककं उंच काढला तर तो एचच्या शेजारी खुजा दिसतो, कारण वर्तुळ वरच्या आणि खालच्या रेषेला एका बिंदूपुरतंच टेकतं. म्हणून तो दोन्हीकडे दहा-बारा एककं बाहेर काढायचा. एच, ओ, एच असं टाइप करून एचच्या माथ्यावर एक आडवी मार्गरेषा आखा, ओ तिच्यावरून डोकावताना दिसेल. ए आणि व्हीसारख्या अक्षरांचं टोक अणकुचीदार असेल तर त्याला आणखी बाहेर जावं लागतं, कारण टोक जितकं बारीक तितका तिथे काळेपणा कमी. ओची माथ्याची जाडी ८० ऐवजी ७२-७४ च्या आसपास ठेवायची. हे आकडे एका मध्यम वजनाच्या, म्हणजे मध्यम जाडीच्या रेषांच्या, फॉन्टसाठी म्हणून घ्या. जाड वजनात फरक वाढत जातो.

खरी परीक्षा गोल पोट आणि दांडी जिथे भेटतात तिथे. स्मॉल बी म्हणजे एक दांडी अधिक एक कडी, असं समजून दोन्ही आकार नुसते एकमेकांवर ठेवले तर जोडाच्या जागी काळा डाग साचतो. दोन पूर्ण जाडीच्या रेषा एकमेकींत घुसतात, आणि लहान आकारात छापलं की शाई तिथेच पसरून पोटाचा कोपरा बुजतो. उपाय असा की दांडीजवळ येताना कडी बारीक करत न्यायची. हलक्या वजनात हे कातरणं सहज लक्षातही येत नाही. जाड वजनात मात्र जोडाजवळची रेष निम्म्यापर्यंत उतरवावी लागते. फ्युचुराचं बोल्ड वजन मोठं करून बी, डी, पी, क्यू ही चार अक्षरं बघा. पोट दांडीला जिथे भिडतं तिथे रेष कशी निमुळती झाली आहे ते स्पष्ट दिसेल. एक कडी काढली आणि चार वेळा वापरली, इतका सोपा हिशेब इथे चालत नाही.

आणखी एक फसवी जागा आहे. सरळ रेष संपून अर्धवर्तुळ सुरू होतं त्या सांध्यावर, गणिताने सगळं बरोबर असूनही, डोळ्याला हलकासा फुगवटा दिसतो, हाडाच्या टोकाला असतो तसा. एन किंवा यूचा खांदा नुसत्या कंपासने काढला की हे हमखास होतं. वळण थोडं आधीपासून, हळूहळू सुरू करावं लागतं, म्हणजे तो कंस शुद्ध वर्तुळाचा राहत नाही. लोगोसाठी स्वतः अक्षरं रेखणारे नवे डिझायनर सर्वात जास्त इथे अडखळतात. वर्तुळांची आणि रेषांची जाळी दाखवणारे आराखडे सादरीकरणात फार छान दिसतात, पण जाळीला शंभर टक्के चिकटून राहिलेला लोगो मोठ्या पाटीवर गेला की हा फुगवटा तिथे लपत नाही.

फ्युचुराच्या कॅपिटल अक्षरांविषयी वेगळं बोलायला हवं, कारण माझ्या मते त्याचं खरं वैभव तिथे आहे. आधुनिकतेचा एवढा गवगवा झालेल्या या फॉन्टची कॅपिटल अक्षरं प्रमाणांनी प्राचीन आहेत. रोममध्ये इ. स. ११३ मध्ये उभारलेल्या सम्राट ट्रेजनच्या स्तंभाच्या पायथ्याशी जो शिलालेख आहे, त्या घराण्याची ही प्रमाणं. ई, एफ, एल ही अक्षरं अरुंद, चौकोनाच्या साधारण निम्म्या रुंदीची. बी, पी, एससुद्धा शेलाटे. आणि ओ, सी, जी, क्यू मात्र ऐसपैस, जवळपास पूर्ण चौकोनभर. हेल्व्हेटिकासारख्या फॉन्टमध्ये सगळ्या कॅपिटल अक्षरांची रुंदी एकमेकांच्या जवळ आणलेली असते, म्हणून ओळ एकसंध पट्ट्यासारखी दिसते. फ्युचुरात अरुंद-रुंद असा श्वास आहे. १९६९ साली अपोलो ११ बरोबर चंद्रावर गेलेल्या पट्टिकेवरचा मजकूर फ्युचुरात आहे, आणि सगळा कॅपिटलमध्ये आहे. धातूवर कोरलेल्या चार ओळींना ही शिलालेखाची प्रमाणं किती शोभतात, हे त्या पट्टिकेचा फोटो पाहिला की पटतं.

स्मॉल अक्षरांतही अशीच एक खुबी आहे. बी, डी, एच, एल यांच्या दांड्या कॅपिटल अक्षरांच्याही वर जातात, आणि एक्स, ओ, एसारख्या अक्षरांची उंची त्या मानाने बेताची असते. त्यामुळे ओळीत बऱ्याच उंच दांड्या आणि खाली छोटे गोल असं लयदार चित्र तयार होतं. मथळ्यात ते फार सुंदर दिसतं. लहान आकाराच्या मजकुरात मात्र तीच गोष्ट अंगाशी येते.

डिझायनरला हे सगळं का भावतं? माझं उत्तर असं आहे की थोडक्या आकारांत पुष्कळ काही होतं. कंपनीच्या नावात सहा-सात अक्षरं असतात. त्यात ओ, ए, ई, सी, डी यातली तीन-चार आली की एकच गोलाई पुन्हा पुन्हा येते आणि नावाला आपोआप एक रचना मिळते. वेगळी सजावट करावी लागत नाही. शिवाय या अक्षरांवर कुठल्या लेखणीचा, कुठल्या हाताचा ठसा उघड दिसत नाही, म्हणून गाडी, बँक, औषध, संगीत, कशावरही ती बसतात. फोक्सवॅगनने कित्येक दशकं जाहिरातीत फ्युचुरा वापरला. गूगलने २०१५ साली आपलं नाव भौमितिक वळणात नव्याने लिहिलं. स्पॉटिफाय आणि एअरबीएनबी यांनी लॉरेन्झ ब्रुनर यांचा सर्क्युलर उचलला. पण जे कशावरही बसतं ते सगळ्यांवर बसतं. एकाच वळणाची इतकी नावं झाली की रंग काढून घेतला तर कोण कोणतं हे ओळखू येईना. हा दोष अक्षरांचा नव्हे. सगळ्यांनी एकच बाब निवडली, ती म्हणजे गोल ओ, आणि बाकीची वळणं बघितलीच नाहीत.

बघण्यासारखी वळणं खूप आहेत. आयटीसी अवाँ गार्द गॉथिक हा हर्ब लुबालिन आणि टॉम कारनेस यांचा १९७० चा फॉन्ट, मुळात एका मासिकाच्या लोगोतून वाढलेला. त्यात स्मॉल अक्षरांची उंची कॅपिटलच्या सुमारे तीन चतुर्थांश आहे, म्हणजे फ्युचुराच्या अगदी उलट टोक. एकमेकांवर रेलणाऱ्या ए आणि व्हीसारख्या जोड्यांसाठी त्यात खास जुळी अक्षरं आहेत. ती दोन तिरक्या रेषांमधली मोकळी जागा मिटवण्यासाठी आहेत. जिथे तशी जागाच पडत नाही तिथे केवळ हौस म्हणून ती घातली की शब्द कलंडल्यासारखा होतो. एड्रियान फ्रुटिगर यांनी १९८८ साली अव्हेनिर केला तेव्हा त्यांनी भूमितीला सरळ माणसाळवलं. आडव्या रेषा उभ्यांपेक्षा बारीक, ओ पूर्ण गोल नाही, दांड्यांची उंची आवरती, आणि स्मॉल ए दोन मजली, म्हणजे पोटावर कमान असलेला. सलग मजकुरासाठी या घराण्यातलं काही हवं असेल तर मी आधी अव्हेनिरकडे बोट दाखवीन. गॉथमची वाट तिसरीच. टोबायस फ्रेअर-जोन्स यांनी २००० साली जीक्यू मासिकासाठी केलेल्या या फॉन्टचं मूळ न्यूयॉर्कच्या पोर्ट अथॉरिटी बस टर्मिनलवर आणि तसल्या जुन्या इमारतींवर लागलेल्या पाट्यांत आहे. अक्षरतज्ज्ञाने नव्हे तर आराखडे काढणाऱ्या माणसाने फुटपट्टीने आखावीत तशी ती रुंद, ठाम अक्षरं. २००८ च्या निवडणुकीत ओबामांच्या फलकांवरून ती जगभर पोचली.

आता वापराकडे येऊ. रेखणाऱ्याने डोळ्यासाठी ज्या तडजोडी केल्या, त्या जुळवणाऱ्याने पुढे चालू ठेवल्या नाहीत तर अर्धं काम वाया जातं. खिळ्यांच्या काळात एकच अक्षर वेगवेगळ्या आकारांसाठी वेगळं तयार होई, आणि लहान खिळे थोडे रुंद, थोडे मोकळे ठेवले जात. डिजिटल फॉन्टमध्ये बहुधा एकच रेखाटन सगळ्या आकारांसाठी ताणलं जातं, आणि ते मोठ्या आकाराच्या हिशेबाने केलेलं असतं. म्हणून १४ पिक्सेलच्या आसपास अक्षरं गिचमिडतात. तिथे अक्षरांमधलं अंतर अक्षरचौकाच्या एक ते दोन शतांशाने वाढवावं. उलट ६० पिक्सेलच्या पुढच्या मथळ्यात तेवढंच कमी करायला हरकत नाही. नुसत्या कॅपिटलमध्ये लिहिलेल्या छोट्या शीर्षकाला पाच ते दहा शतांश मोकळीक द्यावीच लागते, नाहीतर फ्युचुरातले अरुंद ई आणि एल एकमेकांना चिकटतात आणि शेजारचा ओ एकटाच तळ्यासारखा पसरतो. अंतर ठरवताना क्रमही महत्त्वाचा आहे. आधी दोन सरळ दांड्यांमधलं अंतर बघायचं, मग दोन गोलांमधलं, ते साधारण निम्मं पुरतं, आणि शेवटी एव्ही, टीओ, एलटी या अडचणीच्या जोड्या हाताने बसवायच्या. बहुतेक फॉन्टमध्ये या जोड्यांची सोय आधीच असते, पण लोगो करताना प्रत्येक जोडी स्वतः बघायला हवी. शब्द उलटा करून बघितला तर वाचन थांबतं आणि नुसत्या काळ्या-पांढऱ्या जागा दिसायला लागतात. ही युक्ती साधी आहे आणि ती कधी दगा देत नाही.

गडद पार्श्वभूमीवर पांढरी अक्षरं आली की ती फुगलेली दिसतात. एकसारख्या जाडीच्या फॉन्टमध्ये ते जास्तच जाणवतं. तिथे वजन एक पायरी उतरवावं, मीडियम असेल तर रेग्युलर. ओळीची लांबी ४५ ते ७५ अक्षरांत ठेवावी हा नियम सगळ्याच फॉन्टना आहे, पण या घराण्यात तो मोडला तर डोळा पुढच्या ओळीची सुरुवात लवकर हरवतो, कारण ओळीतून पुढे नेणारे सेरिफ नाहीत आणि गोल अक्षरं नजरेला जागीच घोळवतात.

ओळखण्यातल्या चुका हा सर्वात गंभीर भाग. एकमजली स्मॉल ए आणि ओ यांच्यात फरक फक्त एका दांडीचा. ती दांडी कमी दर्जाच्या छपाईत किंवा लांबून पुसट झाली की ए म्हणजे ओ. सी आणि एल जवळ आले की डी वाटतो, आर आणि एन जवळ आले की एम. कॅपिटल आय आणि स्मॉल एल या दोन्ही नुसत्या काठ्या. फ्युचुरात एल आयपेक्षा उंच आहे, त्यामुळे शेजारी आले तर ओळखता येतात, पण एकटा आला तर अंदाजच करावा लागतो. औषधाची मात्रा, परवलीचा शब्द, गाडीचा क्रमांक, पत्ता, असं जिथे एक अक्षर चुकलं तर नुकसान आहे, तिथे हा फॉन्ट वापरू नये असं माझं स्पष्ट मत आहे. आकड्यांच्या तक्त्यातही जपून. एकचा आकडा बारीक असल्यामुळे रकाने सरळ उभे राहत नाहीत. फॉन्टमध्ये समान रुंदीच्या आकड्यांची सोय असेल तर ती चालू करावी, नसेल तर तक्त्यापुरता दुसरा फॉन्ट घ्यावा.

भूमितीला आणखी एक कुंपण आहे, ते लिपीचं. आयकियाने कित्येक वर्षं सांभाळलेला फ्युचुराचा आपला अवतार २००९ मध्ये सोडला आणि व्हर्डाना घेतला, तेव्हा डिझायनर मंडळींत मोठा गदारोळ झाला. कागदावर आणि पडद्यावर, वेगवेगळ्या देशांत आणि लिप्यांत एकच वळण हवं, हा त्यामागचा व्यवहार होता. २०१९ मध्ये ते अधिक लिप्या सांभाळणाऱ्या नोटोकडे गेले. रोमन लिपीसाठी घडवलेली गोल-चौकोनाची रीत दुसऱ्या लिपीत उचलून ठेवता येत नाही. ती तिथे नव्याने शोधावी लागते.

देवनागरीत हा शोध जास्त अवघड होता. आपल्या अक्षरांचं वळण बोरूने घडवलेलं आहे. बोरूचं टोक तिरकं कापलेलं, त्यामुळे एकाच फटकाऱ्यात रेष जाड होत होत बारीक होते. ती जाडी एकसारखी करून टाकली की अक्षराचा तोलच बदलतो. वर शिरोरेषा. तिची जाडी दंडाएवढीच ठेवली तर ओळीवर काळी पट्टी ओढल्यासारखी दिसते, कारण आडवी रेष मुळातच जड भासते आणि इथे ती ओळभर सलग आहे. म्हणून ती साधारणपणे दंडापेक्षा बारीक ठेवतात. ठ सोडला तर सरळ वर्तुळ असलेली अक्षरं फारशी नाहीत. व, ब, क यांचं पोट गोल करता येतं, पण ते दंडाला चिकटलेलं असतं, आणि तिथे बीच्या जोडाचाच प्रश्न पुन्हा उभा राहतो. भ, ध, छ यांच्या गाठी तर भूमितीला दादच देत नाहीत.

इंडियन टाइप फाउंड्रीचा पॉपिन्स या दृष्टीने अभ्यासावा असा आहे. त्याची देवनागरी निनाद काळे यांनी आणि रोमन जॉनी पिनहॉर्न यांनी रेखली आहे. नऊ वजनं, प्रत्येकाची तिरकी जोडी, आणि खुला परवाना. दोन्ही लिप्या वर्तुळावर आधारलेल्या आहेत आणि दोन्हींत जोडांपाशी डोळ्याच्या हिशेबाने कातरकाम केलेलं आहे. मिश्र ओळ का जमते याचं उत्तर उंचीत आहे. देवनागरी अक्षराची मूळ उंची रोमनमधल्या बी, डीच्या दांडीएवढी ठेवली आहे, कॅपिटल अक्षरं त्याहून बुटकी आहेत आणि स्मॉल अक्षरांची उंची बरीच मोठी. त्यामुळे मराठी वाक्यात मध्येच एखादं इंग्रजी नाव आलं तरी ते ओरडत नाही किंवा दबूनही जात नाही. मथळे, बटणं, पोस्टर, लहान निवेदनं यासाठी पॉपिन्स उत्तम. हजार-दोन हजार शब्दांच्या लेखाला मात्र मी मुक्तासारखा कमी भौमितिक फॉन्ट घेईन, कारण एकसारख्या जाडीची देवनागरी लांब वाचनात सपाट होत जाते.

रोमनसाठी वर दिलेले आकडे देवनागरीला जसेच्या तसे लावले की घोटाळा होतो. अक्षरांमधलं अंतर वाढवलं की शिरोरेषा तुटते आणि शब्द सुट्या अक्षरांत विखुरतो. कमी केलं तर शिरोरेषेची टोकं एकमेकांवर चढतात, आणि अक्षरांचा रंग अर्धपारदर्शक असेल तर तिथे गडद ठिपके उमटतात. म्हणून मराठी मजकुरासाठी हे अंतर शून्यच ठेवावं. वेबसाइटच्या इंग्रजी आवृत्तीतली शैली उचलली की ही चूक हमखास राहून जाते. कॅपिटल करण्याची आज्ञा देवनागरीवर काहीच परिणाम करत नाही, तेव्हा इंग्रजीत जिथे कॅपिटलने उठाव दिला असेल तिथे मराठीत वजन किंवा आकार वाढवावा लागतो. ओळींमधलं अंतर इंग्रजीत १.४ किंवा १.५ पट पुरतं. मराठीला १.६ ते १.७ लागतं. 'शत्रू', 'हृदय', 'ट्रक' असे शब्द वरच्या ओळीत आणि 'कीर्ती', 'वर्षांनी', 'मॉर्निंग' खालच्या ओळीत ठेवून बघा. उकार आणि रफार भिडत असतील तर अंतर कमी आहे.

मराठीसाठी फॉन्ट घेण्याआधी काही शब्द लिहून पाहणं हा सगळ्यात खात्रीचा मार्ग. 'दुसऱ्या' आणि 'कुऱ्हाड' मध्ये अर्धा र नीट येतो की हलंत टाकून पुढचं अक्षर सुटं पडतं? 'ॲप' मधला ॲ त्याच फॉन्टचा आहे की दुसऱ्याच फॉन्टमधून उसना आलेला? जाडी शेजारच्या पपेक्षा वेगळी दिसली की समजावं उसना आहे. 'उद्ध्वस्त', 'कर्तृत्व', 'राष्ट्र' ही जोडाक्षरं बुजत नाहीत ना? ल आणि श मराठी वळणाचे येतात की हिंदी? काही फॉन्टमध्ये दोन्ही वळणं असतात, पण पानाची भाषा मराठी अशी नोंदवल्याशिवाय मराठी वळण उमटत नाही. आणि शेवटी सर्वात जाड वजनात 'फळा', 'केळ', 'आभाळ' लिहून आकार १४ पिक्सेलवर आणा. भौमितिक देवनागरीत ळच्या दोन्ही पोटांमधली पांढरी जागा सगळ्यात आधी जाते. ती दिसेनाशी झाली तर त्या आकाराला सेमी-बोल्डच्या पुढे जाऊ नये.